वाचक विचारतात : नेत्याच्या मनगटावरचं घड्याळ बातमी कधी होतं?

प्रश्न : एका मंत्र्याच्या हातात लाखोंचं घड्याळ असल्याचा फोटो आमच्या गावातल्या ग्रुपवर फिरतोय. मी स्थानिक साप्ताहिकात लिहितो. फोटोवरून किंमत ठरवून बातमी देता येईल का?

फोटोवरून किंमत कळत नाही. फार तर मॉडेल ओळखता येतं, तेही फोटो चांगला असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो या कामाचा नाही. दाबून लहान केल्यामुळे त्यात डायलवरची बारीक अक्षरं विरघळून जातात. छायाचित्रकाराकडून मूळ फाइल मागून घ्या आणि त्याच दिवसाचे, वेगवेगळ्या कोनांतले निदान तीन फोटो जमवा. मग एकेक गोष्ट जुळवत जा: आतल्या छोट्या डायल किती, तारखेची खिडकी कुठे, चावीचा आकार कसा, पट्टा कुठे आणि कसा जोडलाय. यातली एक जरी खूण जुळली नाही, तर मॉडेल वेगळं आहे.

सगळं जुळलं तरी थांबा. एकाच मॉडेलची स्टीलमधली, पांढऱ्या सोन्यातली आणि प्लॅटिनममधली आवृत्ती फोटोत सारखीच दिसते, पण किमती कित्येक पटींनी वेगळ्या असतात. हुबेहूब नक्कलही बाजारात मिळते. म्हणून ‘अमुक लाखांचं घड्याळ’ असं लिहू नका. ‘अमुक मॉडेलसारखं दिसणारं घड्याळ, कंपनीच्या यादीत त्याची किंमत इतकी’ असं लिहा आणि ती किंमत कोणत्या तारखेला पाहिली तेही द्या. २०२२च्या सप्टेंबरमध्ये राहुल गांधींचा टी-शर्ट आणि एका ब्रँडच्या संकेतस्थळावरचा ४१,२५७ रुपयांचा टी-शर्ट शेजारी-शेजारी ठेवून भाजपने टीका केली, तेव्हा बहुतेक बातम्या त्या दोन चित्रांवरच थांबल्या. तो कुणी घेतला, कसा आला, हे पुढचे प्रश्न मागेच राहिले.

आणि खरी बातमी त्या पुढच्या प्रश्नांतच असते. संबंधित नेत्याला तीन प्रश्न लेखी पाठवा : घड्याळ तुमचं आहे का? विकत घेतलं असेल तर कधी? भेट असेल तर कुणाची? उत्तराला निदान एक दिवस द्या आणि ते आलं तर पूर्ण छापा. २०१६मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या हिरेजडित घड्याळाचा वाद याच वाटेने गेला. किमतीबद्दल वेगवेगळे आकडे आले, पण विषय पेटला तो घड्याळ मित्राने भेट दिल्याचं त्यांनी सांगितल्यावर. पदावरच्या माणसाने एवढी मोठी भेट घ्यावी का, हा प्रश्न उभा राहिला आणि शेवटी त्यांनी ते सरकारजमा केलं.

प्रश्न : निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात त्या घड्याळाचा उल्लेख नाही. म्हणजे लपवलंच ना?

इतक्या घाईने नाही. उमेदवार हे प्रतिज्ञापत्र फॉर्म २६ मध्ये भरतो. त्यात दागिने, सोनं-चांदी आणि मौल्यवान वस्तू वजन व किमतीसह लिहायच्या असतात. स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या. ही प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. पण त्यातली माहिती अर्ज भरतानाची असते. नंतर आलेली वस्तू तिथे सापडणारच नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून फोटोची तारीख आणि अर्जाची तारीख आधी ताडून पाहा.

दुसरं, ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या खटल्यात हे बरंच स्पष्ट केलं. कपडे, बूट, भांडीकुंडी, फर्निचर अशी प्रत्येक जंगम वस्तू जाहीर करण्याची गरज नाही. मात्र वस्तूची किंमतच मोठी मालमत्ता ठरावी इतकी असेल, किंवा तिच्यातून उमेदवाराची राहणी दिसत असेल, तर ती सांगावी लागते. न्यायालयाने उदाहरणही घड्याळांचंच दिलं : अनेक महागडी घड्याळं मिळून मोठी रक्कम होत असेल, तर ती जाहीर करायलाच हवीत, एखादं साधं घड्याळ राहिलं तर तो दोष नाही.

प्रश्न : पंतप्रधान मोदींच्या त्या स्वतःचं नाव विणलेल्या सुटाची नेमकी किंमत किती होती?

जानेवारी २०१५मध्ये ओबामांच्या भेटीत तो दिसला. जवळून टिपलेल्या फोटोंत पट्ट्यांमधली अक्षरं वाचता आली, म्हणून ती बातमी भक्कम होती. शिवणावळीचा दहा लाखांचा आकडा मात्र नुसताच फिरत राहिला. नोंद झालेला आकडा एकच : फेब्रुवारी २०१५च्या सुरतेतल्या लिलावात आलेले ४ कोटी ३१ लाख. ती लिलावाची बोली आहे, सुटाची किंमत नव्हे. बातमीत दोन्ही एकत्र करू नका.

प्रश्न : महिला नेत्यांच्या साड्या-पर्सवर लिहिणं चूक आहे का?

सरसकट नाही, पण बहुतेक वेळा होय. जुलै २०११मध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार दिल्लीत चर्चेला आल्या, तेव्हा आपल्या माध्यमांनी पर्स, गॉगल आणि मोत्यांवर इतकं लिहिलं की चर्चेत काय झालं ते शोधावं लागे. मे २०१९मध्ये नव्याने निवडून आलेल्या खासदार मिमी चक्रवर्ती आणि नुसरत जहाँ यांनी संसदेबाहेर पाश्चात्त्य कपड्यांत फोटो काढले, तर लोक त्यांच्यावर तुटून पडले. शेजारून शर्ट-पँटमध्ये गेलेल्या पुरुष खासदारांकडे कुणी पाहिलंही नाही.

बातमी लिहून झाली की बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून वाचा. वाक्य विचित्र वाटलं तर काढून टाका. ‘ग्लॅमरस खासदार’, ‘मिरवल्या’, ‘घायाळ केलं’ हे शब्द पहिल्या फटक्यात गाळा. फोटोओळीत आधी नाव, मग पद, मग प्रसंग. कपड्यांचा उल्लेख त्यानंतरच, तोही काही सांगत असेल तर.

प्रश्न : आमदारांच्या घरच्या लग्नाचा खर्च कसा शोधायचा?

नवरीचा शालू सोडा, तो खासगी आहे. सार्वजनिक काय वापरलं गेलं ते विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जात शासकीय मैदानाचं भाडं, ते किती दिवस दिलं, पोलीस बंदोबस्तात किती कर्मचारी होते, बंदोबस्ताचं शुल्क भरलं की माफ केलं आणि माफीचा आदेश कुणाचा, हे मागा. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दागिने-कपड्यांबद्दल विचारलंत तर खासगी माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम ८(१)(जे) दाखवून नकार येईल, आणि त्या एका मुद्द्यापायी बाकीचा अर्जही रेंगाळेल. प्रत्येक खात्याला वेगळा अर्ज करा : मैदानासाठी नगरपालिका, बंदोबस्तासाठी पोलीस अधीक्षक कार्यालय.