कातळाला भेगा कशा पडतात?

प्रश्न: खारघरला पांडवकड्याच्या बाजूला काळ्या कातळात उभ्या भेगा दिसतात, एकीत तर माझा हात मनगटापर्यंत गेला. या भूकंपाने पडल्यात का?

उत्तर: नाही हो, भूकंपाची गरजच नाही. आपला हा कातळ म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की ताण येऊन तडकतो, उन्हाळ्यात तळ्यातला गाळ वाळून तडकतो ना अगदी तसंच. अंधेरीची गिल्बर्ट हिल एकदा बघाच, याच भेगांमुळे तिथे दगडाचे सरळसोट खांब उभे राहिलेत, जवळजवळ ६० मीटर उंच! भेग पडली की पुढचं काम पाणी आणि मुळं करतात, पिंपळाचं केसाएवढं मूळ आत शिरतं आणि जाड होत होत दगड ढकलत राहतं. हिमालयात तेच काम बर्फ करतो, पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं, पाचर ठोकल्यासारखं. आपल्याकडे एवढी थंडी कुठे.

पण कळकळीने सांगते, भेगेत हात घालू नका, विंचू-साप तिथेच दडून बसतात, आणि पावसाळ्यात वरून सुटे दगडही येतात.