आंब्यावर चढून बॅटरीचा छोटा चेन सॉ एका हाताने चालवला तर चालेल का?

तुमचं म्हणणं असं की आंब्याच्या फांद्या कौलांवर आल्यात, झाडावर चढायची लहानपणापासून सवय आहे आणि सहा इंची बारचा (बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) बॅटरीवाला कटर ऑनलाइन मागवलाय. एका हाताने फांदी धरायची, दुसऱ्याने कापायची. नका करू. मी चिपळूणच्या बाजूला झाडं छाटायची कामं घेतो. हे खेळण्याएवढे कटर आल्यापासून हा प्रश्न प्रत्येक वाडीत कोणीतरी विचारतोच.

मशीन हलकी म्हणून धोका कमी वाटतो. पण पेट्रोलच्या मोठ्या मशीनला पुढच्या दांड्यासमोर एक आडवी ढाल असते. मशीन उसळली की तिला हात लागतो किंवा नुसत्या झटक्यानेच ती पुढे पडते आणि चेन जागीच थांबते. हा चेन ब्रेक एकहाती छोट्या मशीनना बहुधा नसतोच. उसळते कधी, तर बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला की. आंब्याच्या दाट पाल्यात मागची डहाळी दिसत नाही, आणि बार तोंडाकडे फिरतो तेव्हा हात आवरायला वेळच मिळत नाही. त्यात दुसरा हात फांदीवर, कापापासून वीतभर लांब!

झाडावर चढणाऱ्यांसाठी वर मूठ असलेली पेट्रोल मशीन येते. तीही दोन्ही हातांनीच धरायची, डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वळवून. तरी मुरलेली माणसंसुद्धा ती एका हाताने चालवतात, कारण दुसऱ्या हाताने झाड धरावं लागतं. खरी गोम इथे आहे. दोन्ही हात मोकळे हवेत तर दोरावर निवांत बसता आलं पाहिजे.

बांधकामावरच्या सेफ्टी बेल्टची कडी पाठीवर असते. तो पडणाऱ्याला अडवतो, पण त्यात बसून काम होत नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला हार्नेस लागतो. विहिरीचा दोर चालणार नाही. गिर्यारोहणाचं सामान विकणाऱ्यांकडे ११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा, दोर मिळतो, तो घ्या. कापताना आधार नेहमी दोन ठेवा: एक दोर वरच्या भक्कम बेचक्यातून, दुसरा कमरेतून खोडाभोवती. ताणलेल्या दोराला चालती चेन नुसती शिवली तरी तो गेला. कमरेच्या दोरात पोलादी तार असलेला प्रकार मिळतो, पण चेनपुढे तोही फार टिकत नाही. म्हणून प्रत्येक कापाआधी दोन्ही दोर कुठे आहेत ते डोळ्यांनी बघायचं.

पेट्रोल मशीन जमिनीवर चालू करून गरम करायची, मग बंद करून, ब्रेक लावून दोराने वर घ्यायची आणि हार्नेसला अडकवायची. वर जागा बदलताना ब्रेक लावलेलाच हवा, कारण ट्रिगर सोडला तरी चेन क्षणभर फिरत राहते. फांदीला आधी खालून पाव जाडीएवढा काप द्यायचा, मग वरून, दोन बोटं टोकाकडे सरकून. नुसतं वरून कापलंत तर फांदी साल आणि ढलपी सोलत खाली येते, ती नेमकी तुमच्या पायांवर. वादळात अडकून वाकलेल्या फांदीला तर नवख्याने हातच लावू नये. जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर दापोलीकडे अशा कितीतरी फांद्या होत्या. ताणलेल्या बाजूला काप बसला की ती चाबकासारखी सुटते.

हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, डोळ्यांना जाळी किंवा चष्मा आणि कानांना मफ हवेतच. चेन सॉच्या पँटमधले धागे चेनमध्ये गुंतून ती अडवतात. चढणाऱ्याला पायाच्या मागूनही संरक्षण देणारी पँट लागते, नुसती पुढून नाही. आमच्याकडे हाफ पँट आणि चपला घालून चढणारेच जास्त, त्यांना मी मशीन देत नाही.

जवळून विजेची तार जात असेल तर आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. ओल्या फांदीतून वीज सहज जाते. आणि चढण्याआधी मोहोळ आहे का, पानं चिकटवून केलेली लाल मुंग्यांची घरटी आहेत का, ते खालूनच बघून घ्या. चालू मशीन हातात असताना मुंग्या झटकता येत नाहीत.

फांद्या मनगटाएवढ्या असतील तर कटर घरातच राहू द्या. म्यानात बसणारी वाकडी हातकरवत पुरते, पण दोर त्यालाही हवाच. मांडीएवढ्या फांद्या कौलांवरून दोराने बांधून उतरवाव्या लागतात, त्याला माणसं बोलवा. मजुरी ठरवताना एक विचारा: वरचा माणूस अडकला तर त्याला उतरवायला दुसरा चढणारा सोबत आहे का? नसेल तर दुसरी टोळी बघा.