शिंजिराचे शास्त्रीय नाव: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या पक्षिपुस्तकात जांभळ्या पुठ्ठ्याच्या (शेपटीच्या वरच्या भागाच्या) शिंजिराचे, म्हणजे सनबर्डचे, नाव ‘नेक्टारिनिआ झेलोनिका’ आहे, नव्यात ‘लेप्टोकोमा झेलोनिका (लिनिअस, १७६६)’. यातले बरोबर कोणते? आणि लिनिअस कंसात का?

उत्तर : पक्षी एकच आहे. आज लिहिताना लेप्टोकोमा लिहावे. आधी शब्दांचा घोळ मिटवू. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जीनसचा. दोन्ही शब्द मिळून जातीचे, म्हणजे स्पीशीजचे नाव होते. वर्तमानपत्रांत ‘जाती’च्या जागी सर्रास ‘प्रजाती’ छापतात आणि मग पुढचे सगळेच चुकत जाते.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७६६ साली या पक्ष्याला ‘सर्थिया झेलोनिका’ म्हटले. झेलोनिका म्हणजे सिलोनची. बारीक, वाकडी चोच दिसली की पक्षी सर्थियात घालायचा, अशी तेव्हाची रीत होती. आज सर्थियात फक्त झाडाच्या खोडावर चढत चढत किडे टिपणारे पक्षी उरले आहेत. शिंजीर तिथून नेक्टारिनिआत आले. ती प्रजाती फुगत गेली आणि पुढे तिची फोड झाली, तेव्हा हा पक्षी लेप्टोकोमात गेला. हे प्रजातिनाम जर्मन पक्षितज्ज्ञ कबानिस यांनी एकोणिसाव्या शतकात दिलेले आहे.

कंसाचा अर्थ एवढाच, की जातीला नाव लिनिअसने दिले, पण वेगळ्या प्रजातीत ठेवून. कंस गाळलात तर लिनिअसनेच पक्षी लेप्टोकोमात ठेवला असा अर्थ निघतो, आणि तो साफ चूक आहे. म्हणून कंस शोभेचा समजू नका. वनस्पतिशास्त्रात कंसानंतर प्रजाती बदलणाऱ्याचेही नाव लिहितात, प्राणिशास्त्रात तशी पद्धत नाही. पक्षी कितीदाही हलवला तरी १७६६ हे साल त्याच्यासोबत जाते, कारण एकाच जातीला दोन नावे मिळालेली निघाली तर सहसा आधीचे नाव ग्राह्य धरतात.

प्रश्न : जांभळ्या शिंजिराचे ‘एशियाटिका’ होते, ते ‘एशियाटिकस’ कसे झाले? ही छपाईची चूक आहे का?

उत्तर : नाही, हे व्याकरण आहे. पांढरा घोडा पण पांढरी गाय, तसे लॅटिन विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रज पक्षितज्ज्ञ लॅथमने १७९० साली या दुसऱ्या जातीला नाव दिले तेव्हा प्रजाती सर्थिया होती, ती स्त्रीलिंगी, म्हणून एशियाटिका. नेक्टारिनिआही स्त्रीलिंगी, तिथेही तेच चालले. आताची प्रजाती सिनिरिस पुल्लिंगी आहे, म्हणून एशियाटिकस. झेलोनिकाचे शेपूट मात्र जसेच्या तसे राहिले, कारण लेप्टोकोमाही स्त्रीलिंगीच.

हा नियम सगळीकडे लावू नका. पश्चिम घाटातल्या लाल छातीच्या शिंजिराचे नाव ‘इथोपायगा विगोर्सिआय’. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली ते प्राणिशास्त्रज्ञ विगोर्स यांच्यावरून ठेवले. हे विशेषण नव्हे, षष्ठी विभक्ती आहे: ‘विगोर्सचा’. प्रजाती बदलली तरी ते बदलत नाही. रोमन लिपीत त्याच्या शेवटी दोन आय आहेत. अनेक जण एक जास्तीचा समजून खोडतात. मूळ लेखनात दोन असतील तर दोनच ठेवायचे.

प्रश्न : शिंजीर म्हणजे भारतातला हमिंगबर्डच ना?

उत्तर : नाही. हमिंगबर्डचे कुल ट्रोकिलिडी, तो पाकोळ्यांच्या जवळचा आणि फक्त अमेरिका खंडांत आढळणारा. शिंजिरांचे कुल नेक्टारिनिइडी. ते चिमण्या-बुलबुलांच्या पॅसेरिफॉर्मिस गणात मोडते आणि त्यांचा सर्वांत जवळचा नातलग आहे फुलटोच्या. दोघेही फुलांतला मध पितात, म्हणून चोची सारख्या घडल्या. शिंजीर क्षणभर हवेत थरथरतो खरा, पण बहुधा फांदीवर बसूनच मध पितो.

प्रश्न : फोटोवरून नोंद करताना उपजातीचे तिसरे नाव लिहावे का?

उत्तर : शक्यतो लिहू नये. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराची श्रीलंकेतली उपजाती झेलोनिका. भारतातली फ्लाविव्हेंट्रिस, तिचे वर्णन हर्मानने १८०४ साली केले. फरक चोचीच्या आकारात आणि पुठ्ठ्याच्या छटेत आहे. कोवळ्या उन्हात आणि सावलीत तोच पिसारा दोन रंगांचा दिसतो, तेव्हा फोटोवर किती विसंबणार? ठिकाण नीट लिहा, उपजाती त्यावरून नंतरही ठरवता येते.

त्याआधी जात तरी पक्की हवी. खरी फसगत मादीपाशी होते. गळा पांढुरका-राखाडी आणि त्याखाली पिवळे असेल तर जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराची मादी. गळ्यापासून सगळेच फिके पिवळे असेल तर जांभळ्या शिंजिराची मादी असू शकते, पण लोटेनच्या शिंजिराची मादीही जवळपास तशीच दिसते. तिची चोच जास्त लांब आणि जास्त वाकडी असते, त्यामुळे बाजूने घेतलेला फोटो हवाच. मादीसारखाच रंग पण गळ्यापासून पोटापर्यंत काळपट पट्टा असेल, तर तो बहुधा विणीच्या हंगामाबाहेरचा जांभळा नर असतो, पण तिथेही चोच पाहावी. जांभळा आणि लोटेनचा दोघेही सिनिरिस प्रजातीतले, म्हणून चोच नीट दिसत नसेल तर ‘सिनिरिस एसपी.’ (‘एसपी.’ म्हणजे स्पीशीज, जात ठरलेली नाही) एवढेच लिहा. अर्धवट पण खरी नोंद उपयोगी पडते, चुकीची नोंद मात्र पुढच्या माणसाला भोवते.

रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे आणि दुसरा शब्द पूर्ण लहान अक्षरांत, मग तो गावावरून असो की माणसावरून. दोन्ही शब्द तिरपे छापतात; हाताने लिहिताना दोघांखाली वेगवेगळी रेघ ओढावी. संशोधकाचे नाव, साल आणि ‘एसपी.’ सरळ अक्षरांत. नोंदवहीच्या पहिल्या पानावर पक्ष्यांच्या नावांची कोणती जागतिक यादी वापरली तेही लिहा, तिच्या आवृत्तीच्या सालासह, उदाहरणार्थ ‘अविलिस्ट २०२५’. पुढे नाव बदलले तरी तुम्ही कोणत्या पक्ष्याची नोंद केली होती ते त्यावरून शोधता येते.