अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातली इतकी सारी छोटी स्की-केंद्रं बंद का पडली?

मुळात ती सुरू करणंच फार सोपं होतं. १९३४ साली तिथल्याच व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉकला एका शेताच्या उतारावर फोर्ड मॉडेल टी या मोटारीच्या इंजिनावर दोर फिरवला गेला. तो धरायचा आणि वर सरकत जायचं! अमेरिकेतला हा पहिला रोप टो मानतात. मग गावोगावी, शेतकऱ्यांच्या टेकड्यांवर असे दोर लागले.

पण हे सगळं आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या भरवशावर होतं. एक-दोन हिवाळे कोरडे गेले की गल्ला रिकामा. कृत्रिम बर्फासाठी तळं, पंप, कॉम्प्रेसर लागतात. तो खर्च छोट्यांना झेपेना. त्यात १९७३चं तेलसंकट आणि वाढते विम्याचे हप्ते. मोठी रिसॉर्ट्स तगली, गावातल्या मुलांना परवडणाऱ्या टेकड्या गेल्या. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

खुणा मात्र अजून सापडतात. जुन्या झाडांमधून वर जाणारा कोवळ्या झाडांचा सरळ पट्टा दिसला, की ती स्कीवरून उतरायची जुनी वाट समजायची. कधी खोडाला ठोकलेलं, गंजलेलं दोराचं चाकही दिसतं. झाड वाढताना सालीनं ते अर्धं गिळलेलं असतं.