थ्री नॉट थ्री (.३०३) रायफलीच्या झाडलेल्या पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळीवर, तळाजवळ चकचकीत वळं दिसतं, काही पुंगळ्यांची मानही (गोळी धरणारं अरुंद टोक) चिरते. दोष रायफलीचा की काडतुसांचा?

वळं रायफलीमुळे, चीर काडतुसामुळे. दोन्ही एकाच वेळी दिसली म्हणून एकच कारण शोधत बसू नका.

मी आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) होतो आणि याच प्रश्नावरून झालेला एक वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही. वार्षिक तपासणीआधी सफाई लवकर उरकावी म्हणून साहेबांनी सगळ्या रायफलींचे बोल्ट (काडतूस मागून बंद करणारे सरकते दांडे) काढून एकाच ट्रेमध्ये टाकायला लावले. परत बसवताना नंबर जुळवू या म्हटलं, तर "सगळे बोल्ट सारखेच असतात" असं उत्तर मिळालं. पुढच्याच सरावात एका रायफलीत पुंगळी तुटली. बोल्ट मागे ओढल्यावर नुसतं बूड बाहेर आलं, वरची नळी चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतच, रुतून बसली आणि पुढचं काडतूस अर्ध्यावर अडलं. साहेबांनी जागेवरच निकाल दिला: लॉट खराब, म्हणजे काडतुसांची ती खेपच वाईट.

लॉट खराब होता तर त्याच पेटीतल्या पुंगळ्या शेजारच्या रायफलींतून धड कशा निघाल्या? मी त्या रायफलीच्या न तुटलेल्या पुंगळ्या वेचून आणल्या. रिमच्या (बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या) थोडं वर, जिथे बुडाचं भरीव पितळ संपून भिंत सुरू होते, तिथे सगळीकडून गोल फिरलेलं चकाकतं वळं होतं. बारीक तारेचं टोक आकड्यासारखं वाकवून आत घातलं आणि भिंतीला घासत ओढलं. बरोबर वळ्याच्या मागे तार खाचेत अडकली. एक पुंगळी हॅक्सॉने उभी कापली, तर तेवढ्याच पट्ट्यात भिंत झिजल्यासारखी पातळ झालेली साध्या डोळ्यांना दिसली. मग बोल्टच्या मुठीमागचा नंबर पाहिला. तो रायफलीच्या बॉडीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. तिचा स्वतःचा बोल्ट शोधून बसवला, गेज (रिमसाठीची फट तपासायचं माप) लावून पाहिला आणि त्याच लॉटच्या पुंगळ्या स्वच्छ निघाल्या. तरी कागदोपत्री लॉटच खराब राहिला. "पुंगळ्या बघून रायफलीचं निदान होत नसतं," असंही मला ऐकवलं गेलं. होतं, आणि चांगलं होतं.

थ्री नॉट थ्रीचं काडतूस चेंबरमध्ये रिमवर टेकतं. रिमच्या मागे फट जास्त राहिली की बार उडताना पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते, जाड बूड बोल्टवर आदळेपर्यंत मागे सरकतं आणि ताण मधल्या पितळावर येतो. ली-एनफिल्डचे, म्हणजे याच थ्री नॉट थ्री रायफलीचे, लग (बोल्टला जागेवर अडकवणारे उंचवटे) बोल्टच्या मागच्या भागात असल्यामुळे ॲक्शन (बोल्ट आणि तो बसतो ती बॉडी) थोडी लवचीक आहे, म्हणून किंचित ताण उत्तम रायफलीतही येतोच. चिखलमातीतसुद्धा काडतूस बसावं म्हणून लष्करी चेंबर सैल ठेवलेलं असतं. त्यामुळे पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) पुढे गेलेला किंवा बुडाजवळ जरासा फुगवटा, याला मी दोष मानत नाही. फुगवटा आणि वळं यांत गोंधळ करू नका. शंका आली तर तार फिरवा.

तारेला खाच लागली तर रायफल बाजूला ठेवा आणि आधी नंबर जुळवा. मग गेज: ०.०६४ इंचावर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ वर होता कामा नये, आणि तोही फक्त बोटांच्या जोराने. ली-एनफिल्डच्या नंबर ४ मॉडेलमध्ये ० ते ३ आकड्यांची बोल्टहेड (बोल्टची पुढची सुटी टोकं) मिळतात, म्हणून लोक लगेच मोठं हेड शोधायला धावतात. दोन्ही लग नीट टेकतात की नाही हे न पाहता हेड बदलणं म्हणजे दुखणं झाकणं. जुन्या नंबर १ मॉडेलच्या हेडवर असे आकडेच नसतात, ते निवडून जुळवावं लागतं.

मान उभी चिरली असेल तर मात्र पितळच गेलेलं आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना अशाच चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्यामागचं कारण १९२१ मध्ये मांडलं गेलं. असा लॉट कुठल्याही रायफलीत चिरतो. खरोखर खराब लॉट ओळखायची खूण हीच.

काही गोष्टी राहिल्या. चेंबरमध्ये तेल असेल तर भिंत नीट चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर जातो, तेव्हा तपासणीआधी चेंबर कोरडं करा. पुन्हा भरलेल्या पुंगळ्या असतील तर वळं रायफलीमुळे हे माझं म्हणणं तसंच लागू होणार नाही: दर वेळी पूर्ण साइझिंग करून (साच्यात दाबून मूळ मापावर आणून) खांदा मागे ढकलला की चांगल्या रायफलीतही त्या बुडाजवळ तुटतात. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बाहेर डोकावत असेल तर फट जास्त आणि दाब कमी, असं समजा. आणि ७.६२ मिमी काडतुसाची इशापूर २-ए-१ रायफल दिसायला सारखी असली तरी तिचं काडतूस खांद्यावर टेकतं, वरची मापं तिला लावू नका.

तुमच्याकडेही कोणी "लॉट खराब" म्हणून विषय मिटवायला लागलं, तर त्याच लॉटच्या दुसऱ्या रायफलीतून निघालेल्या पुंगळ्या मागवून घ्या आणि दोन्हींतली एकेक त्यांच्यासमोर उभी कापा.