वर्डकॅम्पला निघालीस ना, मग हे वाच

काय गं,

तुमच्या अख्ख्या टीमची वर्डकॅम्प एशियाची, म्हणजे वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवाल्यांच्या आशियातल्या संमेलनाची, तिकिटं काढली म्हणे, बरं वाटलं ऐकून, सरांनी स्वतःहून खिशात हात घातला म्हणजे कमालच झाली. तू शेड्यूल पाठवून विचारलंस की यातली कुठली सेशन्स बघू. खरं सांगू का, ती यादी आत्ता बाजूला ठेव. सेशन्स रेकॉर्ड होतात, नंतर वर्डप्रेस टीव्हीवर फुकट बघता येतात, घरी लोळत, दीडपट स्पीडने. एक-दोन जी अगदीच बघावीशी वाटतात तेवढी बघ आणि बाकीचा वेळ मोकळा ठेव.

हे एवढं का सांगतोय, तर असा योग पुन्हा कधी येईल माहीत नाही. पहिली वर्डकॅम्प एशिया 2020 ला बँकॉकला ठरली होती, कोरोनामुळे ऐनवेळी रद्द झाली, मग 2023 ला बँकॉक, 2024 ला तैपेई, 2025 ला मनिला असं करत करत आता 2026 ला 9 ते 11 एप्रिल मुंबईत, बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला. व्हिसा नको, विमान नको, नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलं की झालं. फक्त 9 तारखेला सकाळी निघू नका. त्या गाडीने दादरलाच दहा वाजून जातात, आणि 9 तारीख म्हणजे कॉन्ट्रिब्युटर डे, सगळ्यांनी मिळून वर्डप्रेससाठीच काम करायचा दिवस. बरेच लोक हाच दिवस बुडवतात, 'खरी कॉन्फरन्स तर 10 पासून आहे' म्हणत, आणि माझ्या मते त्या तीन दिवसांतला सगळ्यात कामाचा दिवस हाच. 8 ला रात्रीच पोहोचा, कुणाकडे तरी मुंबईत मावशी-आत्या असेलच की.

त्या दिवशी भाषणं वगैरे काही नसतात. टेबलं मांडलेली असतात, प्रत्येकावर पाटी, कोअर (वर्डप्रेसचा मूळ कोड), टेस्ट, डॉक्स, ट्रेनिंग, पॉलिग्लॉट्स, फोटोज अशी, आणि प्रत्येक टेबलावर नवख्यांना कामाला लावायला कुणीतरी जाणकार बसलेला असतो. पॉलिग्लॉट्सच्या टेबलावर भाषांतरवाली मराठी मंडळी भेटतील, गप्पा रंगतील, त्यामुळे तिथेच बसावंसं वाटेल, चहाच्या वेळी जा खुशाल, पण मुक्काम टेस्टच्या टेबलावर ठोक. कोअरच्या टेबलावर पहिल्याच दिवशी कोड घुसवायला गेलीस तर निम्मा दिवस सेटअप करण्यात जातो आणि उरलेला निम्मा कोडिंग स्टँडर्ड वाचण्यात. टेस्टला दुसऱ्याने लिहिलेला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, आपल्या मशीनवर चालवून बघायचा आणि रिपोर्ट लिहायचा, पीएचपी कुठलं, ब्राउझर कुठला, थीम कुठली, काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय. हे तर तू रोज करतेस ना, क्लायंटचा 'साइट चालत नाहीये' एवढाच व्हॉट्सअ‍ॅप आला की त्याच्याकडून हेच सगळं उकरून काढतेस. तेच काम, फक्त इथे समोरचा वैतागत नाही, उलट थँक्यू म्हणतो. आणि पॅच कोअरमध्ये गेला की तो टेस्ट करणाऱ्यालाही सहसा प्रॉप्स मिळतात, म्हणजे तो बदल नोंदवणाऱ्या कमिट मेसेजमध्ये नाव येतं.

तयारी घरून करून जा, यात हयगय नको. तिथे शेकडो लोक एकाच वायफायवर एकदम क्लोन मारायला, म्हणजे कोड उतरवायला, बसले की काय होतं ते बघवत नाही. वर्डप्रेस डेव्हलपचा रेपो (कोडचा साठा), एनपीएम इन्स्टॉल, डॉकरच्या इमेजेस असं टेस्टिंगला लागणारं सगळं नाशिकच्या नेटवर उतरवून, एकदा चालवून बघून मगच लॅपटॉप बॅगेत टाक. वर्डप्रेस डॉट ऑर्गचं अकाउंट आणि मेक वर्डप्रेसचं, म्हणजे वर्डप्रेस घडवणाऱ्यांचं, स्लॅक (चॅट) पण आधीच चालू कर. अगदीच काही अडलं तर प्लेग्राउंड आहे, ब्राउझरच्या टॅबमध्ये अख्खं वर्डप्रेस चालतं आणि पुल रिक्वेस्टचा (कुणी सुचवलेल्या बदलाचा) नंबर दिला की तो बदल लावलेली साइट उघडते, इन्स्टॉल वगैरे काही नाही.

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस की आम्ही तिथे काय देणार, आम्ही तर साध्या साइट्स बनवतो. अगं, तुमच्याकडे जे आहे ते त्या टेबलावरच्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलेलंच नसतं. तुमच्या त्या न्यूज पोर्टलचंच घे. मराठी हेडलाइन टाकली की लिंक मध्येच तुटते, शब्द अर्धा कापला जातो, म्हणून तुम्ही संपादकांना इंग्लिशमध्ये स्लग (लिंकमधला बातमीच्या नावाचा भाग) लिहायला लावता, बरोबर? ते का होतं माहितीये? स्लगला डेटाबेसमध्ये जागा 200 कॅरेक्टर्सची. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) 3 बाइट्सचं, आणि लिंकसाठी एन्कोड करताना प्रत्येक बाइटची 3 कॅरेक्टर्स होतात, म्हणजे एका चिन्हाला 9. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. करा भागाकार, जेमतेम 22 चिन्हं बसतात. 'नाशिक महापालिकेच्या' एवढं लिहिलं की बजेट जवळपास संपलंच, मग त्याच शब्दांनी सुरू होणाऱ्या पुढच्या बातम्यांच्या लिंकला मागे 2, 3 असे आकडे चिकटायला लागतात. इंग्लिशवाल्याला आयुष्यात हे दिसणार नाही, तुमच्या संपादकाला रोज दिसतं.

तर जायच्या आधी टीमने तासभर बसा आणि फंक्शन्सच्या फाइलमध्ये जे जे जुगाड करून ठेवलेत ना त्यांची यादी काढा. मग ट्रॅकवर, म्हणजे वर्डप्रेसच्या तक्रारवहीत, शोधा, बऱ्याच गोष्टींवर तिकीट (तक्रारीची नोंद) आधीच असतं, कधीकधी तर तू शाळेत होतीस तेव्हाचं. नवं काढायची घाई नको. जुन्या तिकिटावर नीट स्टेप्स, स्क्रीनशॉट आणि खरी अडचण टाकली तरी त्यात जीव येतो, आणि तिकिटाचा नंबर घेऊन टेबलावर गेलीस की बोलायला विषय आयता मिळतो. स्लगचा प्रश्न तू एका दिवसात सोडवणार नाहीस, डेटाबेसची रचना बदलायला ते लोक सहसा तयार होत नाहीत आणि त्यांचंही बरोबर आहे, लाखो जुन्या साइट्स अपडेट होताना काय काय फुटेल याची भीती असते. ही भीती त्यांच्या तोंडून ऐक, खूप शिकायला मिळेल.

अजून एक, वऱ्हाडासारखे सगळे मिळून हिंडू नका. एकसारखे टी-शर्ट घालून आठ जण एकाच टेबलाभोवती बसलेले मी पाहिलेत, दिवसभर आपापसातच बोलतात आणि स्टिकर गोळा करून परत जातात. वेगवेगळ्या टेबलांवर बसा, जेवायला एकत्र भेटा. आणि तुझ्या त्या इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस प्लीज, जपान, तैवान, इंडोनेशियाहून येणारेही अडखळतच बोलतात, कुणाला काही पडलेलं नसतं, स्क्रीन समोर असली की सगळ्यांना सगळं कळतं.

सरांना 'लीड्स किती आणल्या' असं विचारायची सवय आहे हे मला चांगलं माहीत आहे. ते विचारायच्या आत तूच त्यांना फाइव्ह फॉर द फ्युचर बद्दल सांग. वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग यांनी 2014 मध्ये मांडलेली कल्पना, की वर्डप्रेसवर कमावणाऱ्या कंपनीने 5 टक्के मनुष्यबळ वर्डप्रेसलाच परत द्यावं. एका माणसाच्या 40 तासांच्या आठवड्यात तेवढेच धरले तर होतात 2 तास. सगळी टीम नको, एका माणसाचे 2 तास मागून घे, शुक्रवारी दुपारचे, तसंही तेव्हा कोणी नवा कोड साइटवर चढवत नाही, डिप्लॉय करत नाही (निदान करू नये!).

कारण 13 तारखेला सोमवारी ऑफिसला आलीस की क्लायंटचे फोन सुरू होणार आणि त्या तिकिटाकडे बघायला वेळ मिळणार नाही, सगळ्यांचं हेच होतं. म्हणून हे 2 तास आत्ताच कॅलेंडरवर टाक, 17 एप्रिलचे. टेस्ट टीमच्या स्लॅक चॅनेलवर मीटिंगा असतात, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिलेली असते, आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळव.

बीकेसीत बाहेर खाणं महाग पडेल, दुपारचं जेवण आतच असतं तेवढं चुकवू नका. बांद्रा ईस्टहून शेअर रिक्षा मिळते. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड ने, बोर्ड असेल तर टेबलावर आपोआप मित्र होतात.

जुगाडांची यादी झाली की मला पाठव, आधी कुठलं तिकीट घ्यायचं ते बघू, आणि तू काही टाकलंस तर लिंक दे, दुसरा टेस्ट रिपोर्ट मी टाकतो.

— दादा