आधी सीटी१सी, आता पीटी२ए: महिन्याभरात स्टेज वाढली का?

फुप्फुसाच्या कर्करोगाची स्टेज महिन्याभरात वाढली का, हा तुमचा प्रश्न वाचला. सीटी स्कॅनमध्ये गाठ २.४ सेंमी, तेव्हा सीटी१सी (cT1c), म्हणजे स्टेज १ए३ सांगितली. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात गाठ तेवढीच, पण पीटी२ए (pT2a), म्हणजे स्टेज १बी. आजार महिन्याभरात वाढला, असं यावरून म्हणता येत नाही. माझ्या आईच्या वेळी मीही असाच रात्रभर कागद उलटसुलट करत बसले होते.

टी म्हणजे मूळ गाठ, ट्यूमर. टीच्या आधीचं अक्षर बघा. 'सी' म्हणजे स्कॅन आणि तपासण्यांवरून बांधलेला अंदाज. 'पी' म्हणजे काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दिलेला निकाल. दोन्हींत फरक पडणं नेहमीचं आहे, कधी स्टेज खालीही येते.

आकाराचा हिशोब असा: १ सेंमीपर्यंत टी१ए, २ पर्यंत टी१बी, ३ पर्यंत टी१सी. लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) स्वच्छ असतील आणि आजार दूर पसरला नसेल, तर हेच अनुक्रमे १ए१, १ए२, १ए३. ३ ते ४ सेंमी म्हणजे टी२ए, स्टेज १बी. पण टी नुसत्या फूटपट्टीवर ठरत नाही. फुप्फुसाला लगटून असलेल्या पातळ आवरणात, म्हणजे व्हिसरल प्ल्युरात, पेशी शिरल्या असतील तर २.४ सेंमीची गाठही थेट टी२ए होते. रिपोर्टात पीएल१ किंवा पीएल२ (PL1, PL2), म्हणजे या शिरकावाची खूण, लिहिलीय का ते शोधा. माझा अंदाज तोच आहे, कारण स्कॅनवर हे बऱ्याचदा कळतच नाही. कधीकधी लॅबला खास स्टेन, म्हणजे रंग, लावून बघावं लागतं.

मग एन, म्हणजे लिम्फ नोड. आपण ट्यूमरलाही गाठ म्हणतो आणि लिम्फ नोडलाही, त्यामुळे फोनवर नातेवाइकांना सांगताना हमखास घोळ होतो! पीएन०, म्हणजे तपासलेल्या नोडमध्ये आजार नाही, असं असेल तर किती नोड तपासले आणि ते कुठकुठल्या स्टेशनचे, म्हणजे छातीतल्या कुठल्या जागांचे, हे विचारा. दोनच नोड बघून दिलेलं शून्य आणि पंधरा बघून दिलेलं शून्य मी तरी सारखं धरणार नाही.

आणखी एक, 'ग्रेड २' म्हणजे स्टेज २ नव्हे. ग्रेड पेशी कशा दिसतात ते सांगते.

नेटवरचे जुने तक्ते जपून वाचा. २०२५ पासून स्टेज ठरवण्याच्या या पद्धतीची (टीएनएम) नववी आवृत्ती आली आहे. तिच्यात टी१एन१, म्हणजे टी१ गाठ आणि जवळच्या नोडमध्ये आजार, हे २बीमधून २एमध्ये गेलं. तुमच्या १बीला मात्र त्याने धक्का लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना ईजीएफआर (EGFR) तपासणीचं, म्हणजे गाठीतल्या या जनुकात बदल आहे का ते बघण्याचं, विचारायला विसरू नका. १बीमध्येही तिच्यावरून पुढच्या गोळ्यांचा निर्णय बदलू शकतो.